उमाठेकाकूंची एकोणीस घरं

उमाठेकाकूंनी कुंकू लावायला एकदा हनुवटी धरली की बाई सुटत नसे. डाव्या हातात हनुवटी, उजव्या हाताचं बोट करंड्यात, आणि ते बोट कपाळाला टेकायच्या आधी काकू जे काय सांगायचं ते सांगून मोकळ्या होत. कुंकू लागेपर्यंत समोरचीला हलता येत नाही, मान वळवता येत नाही, "शेगडीवर दूध आहे" म्हणून पळताही येत नाही. ही युक्ती त्यांना कधी सुचली कोण जाणे. पण आमच्या सेक्टरातल्या मराठी बायकांत जे काही थोडंफार बदललं, ते अशा हनुवट्या धरूनच बदललं.

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. आमच्या सडकेवर डावीकडे तेलुगू, उजवीकडे बंगाली, मागच्या ओळीत पंजाबी. आमच्या सेक्टरात काकूंचं सोडून मराठी घरं एकोणीस. बहुतेक वर्धा, अमरावती, नागपूरकडची, प्लांटच्या नोकरीसाठी आलेली. या एकोणीस घरांचा कारभार कोणी काकूंकडे दिला नव्हता. त्यांनीच तो घेतला. शिक्षण चौथी, मूलबाळ नाही, आणि उमाठेकाका असे की वर्तमानपत्रामागून "हूं" एवढंच ऐकू यायचं. त्यामुळे काकूंकडे बोलणंही भरपूर होतं आणि वेळही भरपूर. फाटकातूनच ओरडायच्या, "आहे का व कोनी घरात, का मीच आहे?" आणि उत्तर यायच्या आत स्वयंपाकघरात पोचलेल्या असायच्या. आईला त्यांचा राग यायचा. चार दिवस आल्या नाहीत की काळजीही वाटायची.

"सांगितल्यानं अर्धं होते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लोक वाईट नसतात, त्यांना कोणी नीट सांगितलेलं नसतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. आणि त्या समजुतीला एकदा यशही आलं होतं. गावंडेबाईंचे मिस्टर काविळीनं गेले. बाई तिशीच्या आतल्या, पदरी एक पोर, नवऱ्याच्या जागी ऑफिसात लागलेल्या. संक्रांत आली तेव्हा काकू करंडा घेऊन बाकीची अठरा घरं फिरल्या. प्रत्येकीची हनुवटी धरून एकच सांगितलं, "यंदा गावंडेबाईले मी हळदीकुंकवाले बोलावलं. तिलेही लावीन. तुले चालत असन तं ये, नसन चालत तं तुह्या घरी बस." सतराजणी आल्या. एक आली नाही, ती पुढच्या वर्षी आली. त्या दिवशी गावंडेबाई काकूंच्या ओसरीवर बसून खूप रडल्या, आणि काकू त्यांना तिळगूळ भरवत राहिल्या. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मोठं होऊन आपण काकूंसारखं व्हायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते याच यशामुळे झालं.

दिनू भोयर माझ्याहून वर्षानं मोठा. त्याचे वडील आणि माझे बाबा प्लांटच्या एकाच मिलमध्ये, एकाच शिफ्टला. सायकली बरोबर निघायच्या. दिनू लहानपणापासून आम्हा मुलींतच. भुलाबाईचा महिना लागला की तो आमच्या पुढे. विदर्भातल्या मुलींचा हा सण. महिनाभर रोज संध्याकाळी घरोघर जायचं, भुलाबाईची गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेल्या डब्यात खिरापत काय आहे ते ओळखायचं. भिलाईत भुलाबाईची मूर्ती विकत मिळायची नाही. मरोद्याच्या तलावाकडून माती आणून दिनूच ती करायचा. भुलाबाईच्या नाकातली नथ तो ज्वारीच्या दाण्याची करायचा, आणि लुगड्याच्या निऱ्या अशा पाडायचा की आमच्या आयासुद्धा वाकून बघत. गाणी सगळ्यात जास्त त्यालाच पाठ. डबा कानाशी हलवून "शेंगदाण्याची चिक्की, पण तुकडे मोठे हायेत" इथपर्यंत सांगायचा. आम्हाला त्याच्यात काही वेगळं वाटत नव्हतं. दिनू म्हणजे दिनू.

तो नववीत गेला आणि लोकांना दिसायला लागलं. आवाज फुटला, पण चालणं तेच राहिलं, हात हलवून बोलणं तेच राहिलं. शाळेत मुलं त्याला काय म्हणायची ते मला लिहवत नाही. एकदा शर्टाची सगळी बटणं तुटलेली. एकदा पाठीवर शाईनं काहीतरी लिहिलेलं, ते घरी पोचेपर्यंत त्याला माहीतच नव्हतं. मग त्यानं शाळेत जाणंच सोडलं. म्हणजे घरून निघायचा, युनिफॉर्म घालून, दप्तर घेऊन. आणि काकूंच्या मागच्या अंगणात पेरूखाली बसून राहायचा. शाळा सुटायच्या वेळी उठून घरी जायचा. काकूंनी पहिल्या दिवशी विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी पोळी-भाजी दिली, आणि चौथ्या दिवशी सगळं काढून घेतलं.

"मी ग्यारवी नाही करू शकत काकू," तो म्हणाला होता. "माह्यानं तिथं जावत नाही."

आमच्याकडे तेव्हा अकरावीला बोर्ड असे. अकरावी झाली की आयटीआय, नाहीतर प्लांटमध्ये अप्रेंटिस, नाहीतर कॉलेज. अकरावी नाही तर काहीच नाही. दिनूचं सगळं पुढचं आयुष्य शाळेच्या उरलेल्या वर्षांवर टेकलेलं होतं, आणि काकूंना हे कळलं. त्या आमच्या घरी आल्या, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि आईला म्हणाल्या, "त्या पोट्ट्याले देवानं तसंच बनवलं व. आपण काय करणार? पण शाळा सुटू द्याची नाही. मी सांगून पाहतो सगळ्यायले."

आई म्हणाली, "काकू, राहू द्या. वाढेल तसा सुधरेल."

"त्याच्यात बिघडलंच काय आहे सुधराले?" काकूंनी विचारलं.

आज पन्नाशी ओलांडल्यावर मला वाटतं, त्या काळात, त्या गावात, चौथी शिकलेल्या बाईनं असं म्हणणं ही केवढी गोष्ट होती! काकूंकडे या गोष्टीसाठी एक शब्दही नव्हता. आपण कोणाचा तरी पक्ष घेतोय, चळवळबिळवळ करतोय, असं काही त्यांच्या डोक्यात नव्हतं. एक पोर झाडाखाली बसून राहतं, त्याला शाळेत बसता यावं, एवढंच होतं. आणि तरी मला त्यांचा राग येतो. अजून येतो.

भुलाबाई बसायच्या आदल्या आठवड्यात काकू करंडा घेऊन निघाल्या. भोयरांचं घर सोडून सगळी घरं केली. आमच्याकडे आल्या तेव्हा मी दारातच होते. आईची हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "शालूचा दिनू आहे ना, तो पोरींसारखा आहे. तो तसाच राहणार. त्याची मस्करी नाही कराची. तुह्या पोट्ट्यायले सांग, शाळेत त्याच्या बाजूनं उभं राहा म्हणा. भुलाबाईत तो येईन. त्याले हाकलाचं नाही." मग कुंकू लावलं. आई "हो काकू" म्हणाली. घराघरात बायका "हो काकू" म्हणाल्या. काकू अगदी प्रसन्न चेहऱ्यानं परत गेल्या.

आणि खरंच, आठ दिवस सगळं फार छान चाललं. बायका दिनूशी हळू आवाजात बोलायला लागल्या. त्याला खिरापत जास्त द्यायला लागल्या. एकीनं तर त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि डोळे पुसले. शाळेतली दोन मराठी मुलं, ज्यांनी बटणं तोडली होती, ती त्याची नजर चुकवून चालायला लागली. दिनूला आधी बरं वाटलं, मग चमत्कारिक वाटायला लागलं. एका संध्याकाळी गाणी संपल्यावर त्यानं मला विचारलं, "रंजू, सगळे माह्याशी इतके गोड कावून बोलून राहिले? मले काही बिमारी झाली का?"

मला माहीत होतं. मी म्हटलं, "काही नाही."

नवव्या दिवशी सेकंड शिफ्टला जाताना, सायकलवरून, माझ्या बाबांनी भोयरकाकांचं सांत्वन केलं. होय, माझ्याच बाबांनी. त्यांचा हेतू चांगला होता हे मी देवाच्या शपथेवर सांगते. आईनं त्यांना सांगितलं होतं, त्यांना कळवळा आला होता. ते म्हणाले, "भोयर, मनाले लावून घेऊ नको. देवाची करणी. आम्ही सगळे आहो ना तुह्या मागं."

भोयरकाकांनी सायकल थांबवली. "कायच्या बद्दल?" म्हणाले.

बाबांना वाटलं, त्यांना माहीतच असेल. काकू सगळ्यांना सांगून गेल्या, तर बापाला आधी विचारूनच गेल्या असतील. कोणालाही असंच वाटलं असतं. काकूंनी दिनूच्या आईला, शालूकाकूंना, विचारलं नव्हतं, भोयरकाकांना नव्हतं. गावंडेबाईंच्या वेळी कोणाला विचारायचा प्रश्न नव्हता. त्यांचं वैधव्य सगळ्या जगाला दिसत होतं. दिनूचं जे होतं ते दिसत असूनही कोणी बोललं नव्हतं, आणि त्या न बोलण्याच्या आडोशानं तो घरात कसाबसा राहत होता. काकूंनी नेमका तो आडोसा काढून घेतला. चांगलं करायला गेल्या होत्या बिचाऱ्या.

भोयरकाकांनी मुलाला मारलं नाही. मारलं असतं तर आम्हाला त्यांना वाईट तरी म्हणता आलं असतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी रजा टाकली, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी रिक्षा उभी राहिली. दिनूला आर्वीजवळच्या गावी स्वतःच्या मोठ्या भावाकडे पाठवत होते. शेतीवर राहील, चार पुरुषांत राहील, म्हणे. काकू धावत आल्या. पायात चपलाही नव्हत्या. "भोयर, शाळा नका सोडवू त्याची! माह्या घरी राहू द्या, मी सांभाळतो त्याले."

भोयरकाका अगदी हळू बोलले. "काकू, तुमी माह्या घरची गोष्ट अठरा घरी वाटून आल्या. आता मी कोन्त्या तोंडानं ड्युटीवर जाऊ? हा कोन्त्या तोंडानं शाळेत जाईन?"

काकू रिक्षाकडे वळल्या.

दिनू रिक्षात बसला होता, मांडीवर ट्रंक घेऊन. तो रडत नव्हता. तो काकूंकडे बघून म्हणाला, "मले आधी विचाराचं ना, काकू."

रागानं नाही म्हणाला. त्याला खरंच एवढंच म्हणायचं होतं. रिक्षा दुर्ग स्टेशनकडे गेली. आम्ही सगळे आपापल्या फाटकांत उभे होतो, आणि कोणीही पुढे झालं नाही. मीही नाही.

त्यानंतर काकूंचं फिरणं बंद झालं. भुलाबाई त्या वर्षी कशीबशी उरकली. "सांगितल्यानं अर्धं होते" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. शालूकाकू त्यांच्याशी दोन वर्षं बोलल्या नाहीत, आणि मग एका दुपारी मागच्या दारानं आल्या. म्हणाल्या, "काकू, त्याचं पत्र येत नाही. हे मले जाऊ देत नाही. तुमी पाहून या ना."

काकू उमाठेकाकांना घेऊन गेल्या. पुलगावला उतरून एसटीनं आर्वीकडे, तिथून पायी. परत आल्या त्या आधी आमच्याकडे आल्या, कारण शालूकाकूंना सांगायचं कसं हे त्यांना समजत नव्हतं. दिनू चार महिन्यांपूर्वी निघून गेला होता. काकूंनी त्याच्या काकांना विचारलं, शोधलं नाही का? तर ते म्हणाले, "कोठी शोधाव? हरवलेल्याले शोधते मानूस, पळालेल्याले काय शोधाव?"

"त्या घरात त्याचं एक सदरं सुद्धा नोयतं व," काकू आईला सांगत होत्या. "मी मागितलं. म्हटलं, शालूले दाखवाले तरी द्या." आणि आमच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून त्या रडल्या. उमाठेकाका बाहेर ओसरीवर उभे होते. त्या दिवशी त्यांच्या हातात वर्तमानपत्र नव्हतं.

मग काकूंनी आणखी एक केलं. बाळ झालेल्या घरी टाळ्या वाजवत, गात, आशीर्वाद द्यायला मंडळी यायची. तृतीयपंथी हा शब्द आम्हाला तेव्हा माहीत नव्हता. जो माहीत होता तो चांगला नव्हता. बायका मुलांना आत ओढून घेत. काकू उलट बाहेर गेल्या. त्यांच्यातल्या वयस्कर बाईंना ओट्यावर बसवलं, चहा दिला, कपबशी घरातलीच. आणि विचारलं, "हमारा एक लड़का है. दिनू. आपके पास तो नहीं आया?"

त्या बाईंनी चहा संपवला. म्हणाल्या, "अम्मा, जितने घर से निकलते हैं, सब हमारे पास थोड़े ही आते हैं. बहुत से तो कहीं पहुँचते ही नहीं." मग काकूंचा चेहरा बघून त्यांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. दर वर्षी त्या आल्या की काकू ओट्यावर जायच्या. विचारायच्या नाहीत. नुसत्या बघायच्या.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी नंदा आली. नंदा म्हणजे चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत राहणाऱ्या काकूंच्या लांबच्या भाचीची मुलगी. सतरा वर्षांची. कॉलेजच्या निमित्तानं काकूंकडे येऊन जाऊन असायची. मी तेव्हा बी.एड. करत होते. एक दिवस मी गेले तर दोघी मागच्या अंगणात बसलेल्या. नंदाचे डोळे सुजलेले. कॉलनीतली एक मैत्रीण होती, तिच्या वडिलांची बदली झाली होती बिलासपूरला. नंदाचं त्या मुलीवर मन होतं. साधं मैत्रीचं नव्हे. दिवसाला दोन पत्रं लिहावीत इतकं. घरी कळलं नव्हतं, पण स्थळं बघायला सुरुवात झाली होती.

काकूंनी या वेळी आधी विचारलं. मी ऐकलं आहे ते. "तुले काय पाहिजे बेटा? मी काय करू? तू सांगशीन तसं करतो."

"कोणाले सांगू नका काकू," नंदा म्हणाली. "फक्त कोणाले सांगू नका. मी जीव देईन."

काकूंनी शब्द दिला, आणि तो पाळला. नंदासाठी त्यांच्या घराचं मागचं दार कायम उघडं असे. पत्रं काकूंच्या पत्त्यावर यायची. काकू ती तांदळाच्या डब्यात ठेवायच्या. वर्षभर ती पोरगी काकूंकडे येऊन हसली, जेवली, मोठ्यानं बोलली. मग राजनांदगावचं स्थळ आलं आणि महिन्याभरात लग्न ठरलं. काकू चरोद्याला तीनदा गेल्या. भाचीला म्हणाल्या, पोर लहान आहे, शिकू दे, घाई कायची? भाचीनं विचारलं, "कावून मावशी? काही आहे का? असन तं सांग." आणि काकूंना सांगता येईना. सांगितलं तर शब्द मोडतो, आणि पुन्हा तेच होतं. नाही सांगितलं तर लग्न होतं. "मी बसून राहिली तिच्यासमोर," काकू मला म्हणाल्या. "नुसती मुंडी हलवून राहिली. काय करू व रंजू? सांगून एक पोट्टा गेला. न सांगून ही चालली. मंग करावं काय माणसानं?"

आज शाळेत माझ्यासमोर एखादं गप्प पोर येऊन बसतं, आणि माझ्याकडे पाठ केलेली दहा वाक्यं असतात. त्यांतलं एकही त्या दिवशी उपयोगी पडलं असतं असं मला वाटत नाही.

नंदाच्या लग्नात काकू गेल्या. ओटी भरायला पुढे झाल्या, कुंकवाचं बोट तिच्या कपाळाशी नेलं आणि कुंकू नाकावर सांडलं. बायका म्हणाल्या, शुभ असतं. नंदा काकूंकडे बघत राहिली. त्या बघण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं, असं काकू म्हणाल्या.

उमाठेकाका रिटायर झाले तेव्हा प्लांटचं क्वार्टर सोडायची वेळ आली. काकांनी नागपुरात दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. सगळेच असे जायचे. तीस-तीस वर्षं राहिलेल्या घराची किल्ली द्यायची आणि निघायचं. पण काकू निघेनात. आज पाठ दुखते, उद्या अमावस्या आहे. काकांनी शेवटी मला बोलावलं. म्हणाले, "तू समजाव. तिले वाटते, तो येईन. त्याले हाच पत्ता माहीत आहे." एवढं मोठं वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं.

भोयर तोवर गावी निघून गेले होते. त्यांच्या क्वार्टरमध्ये भलतीच माणसं राहत होती. दिनूच्या ओळखीचं दार असं ते एकच उरलं होतं.

मेटॅडोर भरून झाली. नवीन येणारं जोडपं सामान घेऊन आधीच पोचलं होतं. नवरा लायटीची बटणं बघत होता. ती विशीतली, रांचीकडची, फाटकाशी उभी. काकू मेटॅडोरपर्यंत गेल्या आणि परत वळल्या. तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बहू," म्हणाल्या, "कभी कोई आए तो..."

"कौन, अम्मा?"

"एक लड़का..." आणि त्या थांबल्या. तो आता तिशीला आला असेल, असला तर. लड़का म्हणायचं की नाही, कोण जाणे. दिनू हे नाव त्यानं ठेवलं असेल का टाकलं असेल? तो कसा दिसतो म्हणून सांगायचं? आणि काय काय सांगायचं या परक्या पोरीला, पहिल्याच दिवशी, जिच्या नवऱ्याची उद्यापासून ड्युटी सुरू होणार आहे? मी काकूंच्या चेहऱ्याकडे बघत होते. अठरा घरी ज्यांनी सगळं सांगितलं, त्यांना या एका घरी काय सांगावं ते सुचत नव्हतं.

"कोई भी आए," त्या शेवटी म्हणाल्या, "बैठा लेना. नाम मत पूछना."

"जी अम्मा," ती मुलगी म्हणाली.

काकू ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या. काकांनी दार लावलं. गाडी सडकेच्या टोकाला वळेपर्यंत मला त्यांचं डोकं दिसत होतं, घराकडे वळलेलं.

ती मुलगी माझ्याजवळ आली. "दीदी, कौन आनेवाला है?"

मला सगळं माहीत होतं. मी म्हटलं, "पता नहीं."